गेममधला शत्रू कोण ठरवतं?



इकडच्या आपल्या घरांतून एक ठरलेलं भांडण चालू असतं. आई म्हणणार, "पुरे आता ती ठो-ठो!" पोरगं हेडफोन न काढताच म्हणणार, "अजून पाचच मिनिटं." आणि बाबा पेपरात (म्हणजे हल्ली फोनात) तोंड खुपसून बसणार. मग कुठेतरी गोळीबार होतो आणि तेच भांडण टीव्हीवर सुरू होतं, की गेममुळे मुलं बिघडली का? मला वाटतं, प्रश्नच जरा चुकतोय. गेममध्ये गोळ्या किती झाडल्या हे मोजण्यापेक्षा, त्या कोणावर झाडायच्या हे मुलाच्या डोक्यात कोणी घातलं, ते विचारायला हवं.

इथे जुने असलेल्यांना १३ सप्टेंबर २००६ आठवत असेल. मॉन्ट्रियलच्या डॉसन कॉलेजात एका पंचविशीतल्या तरुणाने गोळीबार केला. एक विद्यार्थिनी गेली, एकोणीस जण जखमी झाले. तरुण कॅनडातच जन्मलेला, आईवडील पंजाबी. त्यामुळे देशी घरांत जरा जास्तच कुजबुज झाली. त्याने इंटरनेटवर आपल्या आवडत्या गेममध्ये 'सुपर कोलंबाइन मॅसॅकर आरपीजी'चं नाव लिहिलं होतं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडावर २००५ मध्ये निघालेला हा गेम. झालं! पुढचे कित्येक दिवस चर्चा गेमचीच.

पण याच मॉन्ट्रियलमध्ये ६ डिसेंबर १९८९ ला एकोल पॉलिटेक्निक या इंजिनिअरिंग कॉलेजात एकाने वर्गातल्या मुलांना बाहेर काढलं, मुलींना थांबवलं, आपल्याला फेमिनिस्टांचा तिटकारा आहे असं सांगितलं आणि गोळ्या घातल्या. त्या दिवशी चौदा जणी गेल्या. त्याला कुठल्या गेमची गरज पडली नाही. अजून मागे जायचं तर ७ सप्टेंबर १९०७, व्हँकुव्हर. 'एशियाटिक एक्सक्लूजन लीग'ची मिरवणूक निघाली, सिटी हॉलपाशी भाषणं झाली, आणि तिथूनच जमाव चायनाटाऊनवर आणि मग जपानी वस्तीवर चालून गेला. तीनच दिवस आधी सीमेपलीकडे बेलिंगहॅममध्ये लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आपल्या हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक शिखांना, मारझोड करून गावाबाहेर घालवलं होतं. तेव्हा गेम कसले, रेडिओसुद्धा घरोघर नव्हता!

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये पुन्हा सांगितलं की हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. (आरडाओरडा आणि ढकलाढकली थोडी वाढते, असं ते म्हणतात. ते काय, आपण घरी बघतोच.)

मग गेम निर्दोष सुटले का? तसंही नाही. मुद्दाम द्वेष पसरवण्यासाठीच बनवलेले गेम आहेत, आणि त्यातल्या एका फार बदनाम गेमचं मूळ शोधत गेलं तर ते आपल्या टोरांटोपाशी येतं. १९९३ मध्ये जॉर्ज बर्डी नावाच्या इथल्या तरुणाने गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या रॉक संगीतासाठी 'रेझिस्टन्स रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. पुढे मारहाणीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आल्यावर बर्डीने ती चळवळच सोडली. कंपनी मात्र विकली जात जात विल्यम पिअर्सच्या 'नॅशनल अलायन्स' या अमेरिकेतल्या संघटनेकडे गेली. (हा पिअर्स म्हणजे 'द टर्नर डायरीज' या कादंबरीचा लेखक. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोट करून १६८ माणसं मारणारा माणूस तिचा भक्त होता.)

याच कंपनीने जानेवारी २००२ मध्ये 'एथ्निक क्लेन्सिंग' हा गेम विकायला काढला, तोही मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा मुहूर्त साधून. खेळणाऱ्याने स्किनहेड नाहीतर क्लू क्लक्स क्लॅनवाला व्हायचं आणि दिसेल त्या काळ्या, लॅटिनो, ज्यू माणसाला मारत सुटायचं. शेवटचा शत्रू कोण, तर इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एरिएल शेरॉन. किंमत १४ डॉलर ८८ सेंट, कारण १४ आणि ८८ हे त्या लोकांचे खुणेचे आकडे. इंग्रजी बाराखडीतलं आठवं अक्षर 'एच', म्हणून ८८ म्हणजे 'हाइल हिटलर'.

या गेममध्ये तांत्रिकदृष्ट्या नवीन काहीच नव्हतं. फुकट मिळणारं गेम इंजिन घेतलं आणि त्यात आपल्याला हवे ते चेहरे बसवले. सोऱ्या तोच, चकती बदलली की चकलीच्या जागी शेव! याचा आणखी स्पष्ट नमुना म्हणजे २००३ मध्ये अमेरिकेत निघालेला 'क्वेस्ट फॉर सद्दाम'. इराकी सैनिक मारत मारत सद्दामपर्यंत पोहोचायचं. २००६ मध्ये अल कायदाचा प्रचार करणाऱ्या 'ग्लोबल इस्लामिक मीडिया फ्रंट'ने हाच गेम उचलला, सद्दामच्या जागी बुश घातले आणि आपला म्हणून वाटला. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन बाजूंना एकच गेम पुरला!

आणि राजकीय पक्षच गेम काढतो तेव्हा? २०१० मध्ये ऑस्ट्रियात स्टायरिया प्रांताच्या निवडणुकीत फ्रीडम पार्टीने 'मोशे बाबा' नावाचा गेम इंटरनेटवर टाकला. तिकडे 'बाबा' म्हणजे निरोप घेतानाचं टाटा. नावाचा अर्थ 'मशीद, टाटा!' पडद्यावर उगवणारे मिनार, मशिदी आणि अजान देणारे यांच्यावर 'थांबा'ची पाटी मारायची. वेळ संपली की संदेश यायचा की स्टायरिया मिनारांनी भरून गेलाय. प्रत्यक्षात त्या अख्ख्या प्रांतात मिनार एकही नव्हता. आरडाओरडा झाल्यावर गेम काढून टाकला, पक्षाच्या तिथल्या नेत्यावर खटला झाला, तो २०११ मध्ये निर्दोष सुटला. आणि त्या निवडणुकीत पक्षाची माणसं प्रांताच्या विधानसभेत जाऊन बसली. गेम कुठे संपला आणि भाषण कुठे सुरू झालं, सांगा बघू.

आता इकडे कॅनडात येऊ. २०१५ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे दोन मंत्री, केली लीच आणि क्रिस अलेक्झांडर, यांनी एक वचन दिलं. 'रानटी सांस्कृतिक प्रथां'ची खबर देण्यासाठी खास फोन लाइन सुरू करू, असं ते वचन. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करायची. पक्ष हरला. लीच यांनी २०१६ मध्ये माफीसुद्धा मागितली. पण ती माफी किती जणांपर्यंत पोहोचली? 'रानटी' हा शब्द मात्र सगळ्यांनी ऐकला होता, आणि तो मंत्र्यांच्या तोंडून आला होता.

मग जानेवारी २०१७. सत्तावीस तारखेला ट्रम्प यांनी काही मुस्लिम देशांतल्या लोकांना अमेरिकेत बंदी घातली. अठ्ठावीसला ट्रूडो यांनी निर्वासितांचं स्वागत करणारं ट्वीट केलं. एकोणतीसच्या संध्याकाळी क्यूबेक सिटीच्या मशिदीत नमाज संपता संपता एक सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी बंदूक घेऊन शिरला. सहा जण गेले, सतरा मुलं पोरकी झाली. निर्वासित येतील आणि आपल्या आईवडिलांना मारतील अशी भीती वाटत होती, असं त्याने पोलिसांना सांगितलं. आदल्या दिवसांत त्याने ट्रम्प यांच्याबद्दलचा मजकूर शेकडो वेळा धुंडाळला होता, हे कोर्टात पुढे आलं. मेलेल्यांत कोण होतं? एक किराणा दुकानदार होता. आणि तो स्वतः ज्या लावाल विद्यापीठात शिकत होता, तिथलेच एक प्राध्यापक होते.

दोन वर्षांनी, १५ मार्च २०१९ ला, न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्या मारेकऱ्याने आपल्या शस्त्रांवर ज्यांची नावं रंगवली होती, त्यात क्यूबेकच्या या मारेकऱ्याचंही नाव होतं. त्याने डोक्याला कॅमेरा लावून सगळं थेट दाखवलं, पाहणाऱ्याला शूटर गेमसारखंच वाटावं असं. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न म्हणाल्या होत्या की मी त्याचं नाव कधीच घेणार नाही. म्हणून मीही इथे एकाही मारेकऱ्याचं नाव लिहिलेलं नाही.

आणि क्राइस्टचर्चचं ते सगळं लिखाण वाचून ६ जून २०२१ ला आपल्या लंडन, ऑंटारियोमध्ये वीस वर्षांच्या एका मुलाने संध्याकाळी फिरायला निघालेल्या अफझाल कुटुंबावर ट्रक घातला. आजी, आई, वडील, पंधरा वर्षांची मुलगी. चौघे गेले, नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. बायकांच्या अंगावरचे पाकिस्तानी पद्धतीचे कपडे बघून त्याने त्यांना निवडलं. २०२४ मध्ये कोर्टाने हा दहशतवाद असल्याचं ठरवलं. संध्याकाळी जेवून आजीला घेऊन सलवार-कमीजमध्ये फिरायला कोण जातं हो? आपणच ना? ट्रक चालवणारा काय पासपोर्ट विचारणार होता?

क्यूबेक, क्राइस्टचर्च, लंडन. यातल्या कोणत्याही मारेकऱ्याला कुठल्या नेत्याने 'जा, मार' असं सांगितलेलं नव्हतं. नेते म्हणतात, लोंढे येतायत, देश हातातून चाललाय, कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. त्यातला तो 'कोणीतरी' म्हणजे मीच, असं हजारात एकाला वाटतं. सज्ज व्हायचं कसं, हे तो मग पडद्यावर शोधतो.

हल्ली तर त्यासाठी वेगळा गेम विकत घ्यावाही लागत नाही. 'रोब्लॉक्स'सारख्या गेममध्ये मुलंच आपली दुनिया रचतात, आणि गप्पा मारायची सोयही असते. २०२३ मध्ये सिंगापूर सरकारने जाहीर केलं की तिथला एक सोळा वर्षांचा मुलगा रोब्लॉक्सवर आयसिसच्या नावाने रचलेल्या लढायांत सामील होत होता. आधी, २०२० च्या डिसेंबरात, तिथेच सोळा वर्षांचा आणखी एक मुलगा पकडला गेला. क्राइस्टचर्चची नक्कल करून दोन मशिदींवर हल्ला करायचा त्याचा बेत होता. हा मुलगा भारतीय वंशाचा. म्हणजे गोऱ्यांच्या वर्णद्वेषाचा रोग गोऱ्यांनाच होतो, या भ्रमात राहू नये. आपल्याकडे 'सीसिस' या गुप्तवार्ता खात्याच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या दहशतवादाच्या तपासांपैकी जवळजवळ दहात एका तपासात किमान एक अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी असते.

आता घरचा आहेर. (काहींना राग येईल, येऊ दे.)

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गाडीत बसल्यावर मुलं जरा बोलतात, तसं एकदा तो सांगत होता की गेमच्या व्हॉइस चॅटमध्ये त्याचं नाव बघून दोघा-तिघांनी "घाणेरडे इंडियन, परत जा, सगळीकडे तुम्हीच झालात" असं सुरू केलं. मी विचारलं, "मग तू काय केलंस?" तो म्हणाला, "म्यूट केलं. पण बाबा, दिवाळीच्या पार्टीत ते काका नवीन स्टुडंट्सबद्दल सेम हेच बोलत होते ना?"

बोलत होतेच. त्या टेबलावर सगळे बोलत होते. एका खोलीत आठ-आठ जण राहतात, बसमध्ये मोठ्याने बोलतात, यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं. विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मर्यादा घातली, त्या धोरणावर जरूर वाद घालावा. घरं कमी आहेत, काही कॉलेजांनी दुकानं मांडली होती, हे खरंच आहे. पण धोरणावर बोलता बोलता गाडी माणसांच्या घाणेरडेपणावर कधी येते ते कळत नाही. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या आकड्यांप्रमाणे पोलिसांकडे नोंदलेले द्वेषाचे गुन्हे २०१९ मध्ये दोन हजारांच्या आत होते, २०२३ मध्ये ४,७७७ झाले. ते करणाऱ्याला तुमचं सिटिझनशिपचं कार्ड किती जुनं आहे ते दिसत नाही.

आणि ही भाषा आपल्याला नवी आहे का? साठच्या दशकात मुंबईत लुंगीची टिंगल करत दाक्षिणात्यांविरुद्ध घोषणा झाल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मारहाण झाली. "पद्धत चुकली, पण मुद्दा बरोबर आहे," असं म्हणणारे आपल्यात तेव्हाही होते, आजही आहेत. स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा असेलही. पण हेच वाक्य ब्रॅम्प्टनच्या बसस्टॉपवर कोणी आपल्याबद्दल म्हणालं तर आपण काय उत्तर देणार? तिथे भूमिपुत्र आणि इथे मल्टिकल्चरलिझम, असं दोन्हीकडून खाता येणार नाही.

मी घरात गेमवर बंदी घातलेली नाही. बंदी घातली तर तो मित्राकडे जाऊन खेळेल, एवढं सोपं आहे. मी अधूनमधून शेजारी बसतो, आणि विचारतो, "यात वाईट माणसं कोण? ती वाईट का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बाबा, ते झॉम्बी आहेत." छान! झॉम्बींना माझी हरकत नाही. ज्या दिवशी त्या जागी कुठल्या तरी जातीचं, धर्माचं, प्रांताचं नाव येईल, त्या दिवशी ते नाव कोणाकडून ऐकलंस हे विचारायचं मी ठरवून ठेवलंय. आणि त्याचं उत्तर 'दिवाळीतल्या काकांकडून' असं येऊ नये, म्हणून पुढच्या पार्टीत कोणी सुरू झालं की हसून विषय न बदलता तिथेच दोन शब्द बोलायचे, हेही.

तुमच्याकडे मुलांशी असं काही बोलणं झालं असेल तर जरूर कळवा. मुलं काय म्हणाली तेवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

आपला,
एक मिसिसागाकर