अंजिरांची पिशवी

पुण्याच्या शुक्रवार पेठेत १८८६ साली उभी राहिलेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली मंडई आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि रविवारी सकाळी तेथून भाजी आणण्याचा आमचा परिपाठ तीन पिढ्यांचा आहे. माझ्या लहानपणी या परिपाठाचा आरंभ दाराआडच्या खुंटीवरची मांजरपाटाची पिशवी खांद्याला अडकवण्यापासून होत असे. ती पिशवी खुंटीवरून केव्हा नाहीशी झाली, हे आज घरात कोणालाच सांगता येणार नाही. परंतु तिच्या अभावाची जाणीव मला जेथे झाली, ते ठिकाण मात्र मी विसरणे शक्य नाही.

गेल्या मार्च महिन्यात आम्ही सहकुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळासला जायला निघालो. वाटेच्या शिदोरीसाठी आदल्या दिवशी मंडईत पुरंदरची अंजिरे घेतली. अंजीरवाल्या मावशींनी तराजू उचलता उचलता विचारले, "पिशवी आणलीत का, दादा?" मी नाही म्हणताच त्यांनी पाटीखालून एक पातळ, पारदर्शक पिशवी काढून पुढे केली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशा पिशव्यांवर राज्यभर बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. त्यांचे पोट त्या पाटीवर होते. मला मात्र रिकाम्या हातांनी बाजारात येण्याचे काहीच कारण नव्हते.

वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची मादी तेथील वाळूत खड्डा करून अंडी घालते. एके काळी ही अंडी सर्रास चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांच्या रक्षणाची तजवीज केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि ज्या घरांत पूर्वी परका माणूस क्वचितच उतरे, त्या घरांत आता पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची पाने मांडली जातात. पर्यटनाने गावाला रोजगार दिला आणि कासवांना रखवालदार दिले, हे त्याचे ऋण मान्य केल्यावाचून पुढचे काही लिहिणे अन्यायाचे होईल.

त्या संध्याकाळी पिल्ले सोडण्याची वाट पाहत आम्ही दोरीमागे वाळूत बसलो होतो. अंजिरे संपली; रिकामी पिशवी मी गुडघ्याखाली दाबून ठेवली आणि मुलीला काही दाखवण्यासाठी उठलो. तेवढ्यात वाऱ्याने ती उचलली. दोन-तीन वेळा वाळूला टेकत, पुन्हा उंच होत, ती माझ्या धावण्याच्या पुढे पुढे जाऊन लाटेवर पडली, आणि पाण्यात पसरताच दिसेनाशी झाली. एक तरुण कासवमित्र कमरेइतक्या पाण्यात शिरला, हाताने चाचपडत त्याने ती शोधून काढली, पिळली आणि आपल्या खिशात घातली. "काका, पाण्यात ही जेलीफिशसारखी दिसते. कासवं गिळतात आणि मरतात," एवढेच तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच मला मान वर करवेना. थोड्याच वेळात टोपलीतून उतरलेली काळसर पिल्ले, तळहाताच्याही निम्म्या आकाराची, इवल्या वल्ह्यांनी वाळू सारत त्याच पाण्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर गोणी घेऊन किनाऱ्यावर फिरलो. भरतीच्या रेषेवर सुरूच्या सुयांत आणि शिंपल्यांत गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्या होत्या, तुटकी जाळी होती, चपला होत्या. त्याचप्रमाणे पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, चहाचे कप आणि मद्याच्या बाटल्यांच्या काचाही होत्या. एका पाकिटावर पुण्यातल्या दुकानाचा पत्ता अद्याप स्पष्ट वाचता येत होता. "जाळी समुद्रातून येतात, काका, पण हे गाडीतून येतं," तो म्हणाला. कचरापेट्या का ठेवत नाहीत, या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "ठेवल्या तरी पेटीतलं न्यायचं कुठं? जाळायचं, नाहीतर पुरायचं."

परतताना ताम्हिणी घाट चढत असता एक विचार मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. पुण्यावर पडलेल्या पावसाचा थेंब मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला मिळतो; सह्याद्रीच्या कण्याने आमच्या सांडपाण्याला कोकणाची वाट निसर्गतःच बंद केलेली आहे. तरीही मंडईतली पिशवी अरबी समुद्रात पोहोचते, कारण तिला घाटापलीकडे आम्ही स्वतः उचलून नेतो. निसर्गाने घातलेला बंदोबस्त आम्ही शनिवार-रविवारच्या सुटीत मोडतो.

कायदा आवश्यक आहे, पण किनाऱ्याच्या प्रत्येक वळणावर शिपाई उभा करता येत नाही. त्यापेक्षा अनामतीचा उपाय मला अधिक परिणामकारक वाटतो: नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली परत आणणाऱ्याला ते मिळतात. कोकणातील पर्यटनस्थळी पाण्याच्या बाटलीलाही हाच नियम लागू करावा. परंतु सरकारचा हुकूम निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. लहानशा ग्रामपंचायतीपाशी जे साधन नाही, ते पुण्यात आपल्या दाराशी येते: २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या भगिनी घरोघरचा सुका कचरा घेऊन वेगळा करतात. आम्ही त्या पहाटेची एक गोणी गाडीत घालून घरी आणली, धुऊन वाळवून त्यांच्या हवाली केली. त्यात अंजिरांची पिशवीही होती, ती मी त्या तरुणाकडून मागून घेतली होती.

आता आमच्या दाराआडच्या खुंटीला पुन्हा मांजरपाटाची पिशवी आहे, आणि अंजिरांसाठी मी डबा नेतो. मावशी डब्यात तळाशी अंजिराचे पान घालून फळे रचून देतात. वाचकहो, कोकणात जरूर जा, तेथील घरांत उतरा, तेथले अन्न जेवा. मात्र निघताना गाडीत एक रिकामी गोणी ठेवा, आणि जे घाट उतरवून नेले असेल ते सर्व घाट चढवून परत आणा.