अम्मींनी माती टाकलेला तलाव

धाराशिवला तलाव बघायला या, असं म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांना आमचा जिल्हा टँकरमुळे माहीत असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. ते चित्र त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही, आमच्याही नाही. पण आमच्याकडे तलाव पुष्कळ आहेत. ते जवळजवळ सगळे माणसाने बांधलेले आहेत, एवढंच. कुठे सुलतानाने, कुठे सरकारने, आणि बरेचसे दुष्काळात अर्धपोटी माणसांनी. त्यातल्या एकावर माझ्या सासूबाईंनी माती टाकली आहे, हे मला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कळलं.

अब्बा, म्हणजे माझे सासरे, गेल्या वर्षी जानेवारीत गेले. इद्दतीचे चार महिने दहा दिवस अम्मी घरात होत्या, ते ठीकच. पण इद्दत संपली तरी त्या उंबऱ्याबाहेर पडेनात. साखर वाढली, पाय सुजले. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तर म्हणाल्या, "घर में चलतीच हूँ ना, और कितना चलना?" आमच्या गल्लीत साठी ओलांडलेल्या बाईला बाहेर पडायला कारण लागतं. दवाखाना, बाजार, लग्न, मय्यत. नुसतं फिरणं हे कारण धरलं जात नाही. कुणी मनाई केलेली नसते, पण तशी रीतच नसते.

कारण माझ्या धाकटीने शोधलं. ती नववीत आहे, तिला पक्ष्यांचं वेड लागलेलं, आणि सायकलवर तिला एकटीला पहाटे तलावावर सोडायला मी तयार नव्हते. ती दादीजवळ जाऊन बसली. "दादी, तुम्ही सोबत असलात तर अम्मी सोडेल." नातीची राखण! हे कारण अम्मींना पटलं. दुसऱ्या दिवशी फजर झाल्याबरोबर त्यांनी चपला घातल्या.

शहराला लागून हातलादेवीच्या डोंगराजवळ हातलाई तलाव आहे. जूनमध्ये पाणी बरंच खाली गेलेलं होतं. लेक सायकल हळूहळू चालवत पुढे, मी आणि अम्मी मागे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत अम्मी दगडावर बसल्या. तिथूनच त्यांनी पाण्यात बुडी मारणारी टिबुकली पाहिली. ती कुठे वर येते याचा अंदाज बांधायचा आणि तो चुकायचा, हा खेळ त्यांना असा लागला की निघायला तयार होईनात. मग रोज एक नवं नाव. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका म्हणून हळदीकुंकू बदक. काठीसारख्या लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. मराठीत पक्ष्यांना नावं कुणी दिली कोण जाणे, पण माणूस शेजाऱ्याला हाक मारतो तशी दिली आहेत. महिनाभरात अम्मी अर्धा तास न थांबता चालू लागल्या. साखर किती उतरली ते इथे सांगत नाही, कारण लगेच कुणीतरी औषध बंद करील!

त्याच जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले. लेकीला वाईट वाटलं, कारण शाळेत ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तो त्यांच्या आणि डॉ. सालिम अलींच्या वाढदिवसांना जोडूनच ठरवलेला. अम्मींनी विचारलं, "सालिम अली कोण? आपल्यातला?" मग लेकीने सगळं सांगितलं. मुंबईत १८९६ साली जन्म, लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवलं, आणि पुढे सगळ्या देशाला पक्षी बघायला शिकवलं. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळच्या भटकंतीत त्यांच्या पत्नी तहमीना रानातल्या तंबूत त्यांच्यासोबत राहत. अम्मींना सालिम अलींपेक्षा तहमीनाबेगमच जास्त आवडल्या. "तंबू में पकाती क्या थी?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

पावसाळ्यात एका रविवारी नळदुर्गला गेलो. बोरी नदी अडवून किल्ल्यात बांधलेला पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहू लागलं की इथले नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या सज्जात उभं राहून अंगावर थेंब न घेता ते समोरून पाहता येतात. गर्दी फार होती. पक्षी बघायला ही जागा नव्हे, निदान पावसाळ्यातल्या रविवारी तरी नव्हे. पण अम्मी धबधब्याकडे पाहतच नव्हत्या. त्या भिंतीवर हात फिरवत होत्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "इतना पत्थर ढोया किसने होगा?" आणि मग आपणहून बोलायला लागल्या.

१९७२ चा दुष्काळ. अम्मी तेव्हा चौदा वर्षांच्या, माहेर कळंब तालुक्यात. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. पुरुषांनी खोदायचं नाहीतर खडी फोडायची, बायका-पोरींनी टोपल्यांनी माती भरावावर नेऊन टाकायची. मातीचा थर पसरायचा, धुम्मसाने ठोकायचा, त्यावर पुढचा थर. घरी मिलोची भाकरी, कामावर सुकडी. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा तेव्हा अम्मी टाचा उंच करून उभ्या राहायच्या, लहान म्हणून परत पाठवू नये यासाठी. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचा उल्लेख आपण अभिमानाने करतो, पण त्याआधी त्या टाचा उंच केलेल्या मुली होत्या. आणि शेजारच्या गावाहून तिथे खडी फोडायला येणाऱ्यांत अब्बा होते! निकाह चार वर्षांनी झाला. "जुळवलं मोठ्यांनीच," हे अम्मींनी घाईघाईने सांगितलं. माझे मिस्टर गाडी चालवत होते, त्यांनाही हे नवीनच होतं.

सप्टेंबरमध्ये पावसाने कहर केला. भूम-परंड्याकडे पुराने गावं वेढली, माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. आमच्याकडे रात्रभर पत्रे वाजत होते आणि अम्मी तसबीह घेऊन बसून होत्या. मला वाटलं नातेवाइकांची काळजी असेल. पहाटे त्यांनी विचारलं, "वो तलाव का भराव रहा होगा क्या?" फोन लावला तर माहेरी कुणाचा लागेना. तीन दिवसांनी रस्ता खुला झाला तेव्हा आम्ही गेलो.

भराव होता. तलाव काठोकाठ, सांडव्यावरून गढूळ पाणी जोरात वाहत होतं. खाली पन्नासेक घरं कोरडी होती. अम्मी भरावावर चढल्या, मधोमध जाऊन थांबल्या आणि पायाखाली बोट दाखवून म्हणाल्या, "यहाँ से उस नीम तक हमारी टोली." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अब्बा कुठे बसून खडी फोडायचे ते मी विचारणार होते, पण विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच पलीकडच्या टेकाडाकडे मान वळवली.

त्यानंतर आम्ही दर पंधरा दिवसांनी तिथे जातो. सायकली आता माहेरच्या ओसरीवरच ठेवल्या आहेत. गावापासून तलाव तीन किलोमीटर, मातीची वाट. कुणाला अशा वाटांवर सायकल न्यायची असेल तर दोन गोष्टी ऐका. पावसानंतर आठवडाभर काळ्या मातीत जाऊ नका, चाक आणि मडगार्डच्या मध्ये ती अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा, बाभळीचा काटा टायर बघून थांबत नाही. मुलांना पाण्याच्या कडेच्या गाळात उतरू देऊ नका. वरून वाळलेला दिसतो, पाय मात्र गुडघ्यापर्यंत जातो.

डिसेंबरमध्ये तिथे चक्रवाकाची जोडी उतरली. भगव्या-तांबूस रंगाची ही बदकं लडाख-तिबेटकडून येतात. जोडीने राहतात, एक उडालं की दुसरं ओरडत मागे जातं. अम्मींनी दुर्बिणीतून ती बराच वेळ पाहिली, मग दुर्बीण नातीकडे दिली आणि डोळे पुसले. दुर्बिणीत धूळ आहे म्हणाल्या.

फेब्रुवारीपासून पाणी उतरतं आणि उथळ गाळाची पट्टी उघडी पडते. काठावरच्या पक्ष्यांचं खरं दस्तरखान तेच. इथे एक पेच आहे. शेतकऱ्याला गाळ हवा असतो, सरकारची गाळ काढण्याची योजनाही आहे, आणि ती हवीच, नाहीतर तलाव भरून जातील. पण जेसीबीने चारी बाजूंनी उभ्या भिंती कापल्या तर शेकाट्या उभा कुठे राहणार? पाण्यावर येणारी शेळीही त्या कड्यावरून घसरते. एक बाजू उतरती सोडली तर दोघांचं भागतं, आणि त्याला वेगळा पैसाही लागत नाही.

अम्मींची काळजी मात्र वेगळी आहे. भरावावर बाभळी वाढल्या आहेत. आम्हाला ती सावली वाटली, लेकीला सुगरणीची घरटी दिसली. अम्मी म्हणाल्या, मुकादम भरावावर गवताशिवाय काही ठेवू द्यायचा नाही, मुळं आत गेली की पाणी त्यांच्या वाटेने झिरपतं आणि एक दिवस माती घेऊन जातं. मिस्टरांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. अम्मींनी तो वाचून घेतला आणि खाली स्वतःची सही केली, पहिल्यांदा अंगठा न लावता, नातीने शिकवलेल्या मराठी अक्षरांत. सुगरणीची पिल्लं उडून गेल्यावरच तोडणी करावी, हे वाक्य नातीच्या हट्टाने अर्जात घातलं आहे. मंजुरी यायची आहे.