वहिनींची खिडकी

उतारवयात माणसाला एखादा छंद असावा म्हणतात. माझे एक स्नेही गुलाब लावतात. दुसरे होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतात. तिसरे पहाटे उठून शेजाऱ्यांच्या अंगणातला प्राजक्त वेचतात, आणि तोही शेजारी उठायच्या आत! माझा छंद मात्र चारचौघांत सांगण्याजोगा नाही. गेली दहा-अकरा वर्षे मी एका म्हाताऱ्या संगणकाची खिडकी उघडी राखतो आहे.

हा संगणक माझा नव्हे, वहिनींचा. आणि खरे सांगायचे तर दादाचा. नगरला चितळे रोडच्या मागच्या बोळात दादाचे टीचभर दुकान होते. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणे, पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल यांचा मजकूर तो बसवून द्यायचा. छपाई शेजारच्या छापखान्यात व्हायची. २००५ च्या पाडव्याला त्याने हा संगणक घेतला. पेढे वाटले, पडद्याला हार घातला, कळफलकाला हळदकुंकू वाहिले. त्यातले थोडे कुंकू कळांच्या फटीत अजून आहे. २०१५ साली दादा गेला. चौदावा दिवस झाला आणि वहिनींनी दुकानाचे शटर वर केले. मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "भाऊजी, वैशाखातल्या अकरा पत्रिका अडकल्यात. लोकांची लग्नं का थांबवायची?"

तेव्हापासून दुकान त्या चालवतात. कोणापुढे हात पसरत नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याच्यापुढेही नाही.

हा पुतण्या मोठा गुणी. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी म्हणतो, "काका, ते धूड फेकून द्या आता. आईला मी नवा संगणक घेऊन देतो." त्याचे काही चुकत नाही. पण वहिनींची अडचण त्याला पुण्याहून दिसत नाही. वीस वर्षांच्या पत्रिका ह्या यंत्राच्या पोटात आहेत आणि त्या पेजमेकरमध्ये बसवलेल्या आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. २००४ मध्ये तिच्या कर्त्यांनी त्यावरचे काम थांबवले. अक्षरे जुन्या वळणाच्या फाँटची. पडद्यावर 'श्री' दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी चिन्हे. फाँट काढून घेतला, की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी नुसती कचकच उरते. शिवाय हे सगळे चालायला संगणकाच्या पाठीला बोटभर लांबीचे एक कुलूप लावावे लागते, आणि ते बसवायची खाच आताच्या संगणकांना नसते. पाथर्डीहून, राहुरीहून गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "वैनी, थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची करा." वहिनी थोरलीची पत्रिका उघडतात, नावे बदलतात, मामाचे लग्न असेल तर खाली चिमुरड्यांचे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' टाकतात, आणि तासाभरात काम हातावेगळे होते. हा त्यांच्या धंद्याचा कणा. तो मोडून नवा बसवायचा म्हणजे किती दिवस दुकान बंद ठेवायचे, याचा हिशेब पुतण्याने केलेला नाही.

"मग तसंच चालू द्या, नेट कशाला हवं त्याला?" असेही तो म्हणून पाहतो. पूर्वी मजकूर वहीच्या पानावर यायचा. आता तो ई-मेलने येतो, युनिकोडमध्ये लिहिलेला. तो जुन्या फाँटात उतरवून देणाऱ्या सोयी इंटरनेटवरच आहेत. फोनच्या पडद्यावर चाळीस सोयऱ्यांची नावे तपासायची म्हणजे वहिनींच्या मोतीबिंदूची परीक्षा. म्हणून ह्या म्हाताऱ्याला बाहेरच्या जगाकडे पाहायला एक खिडकी लागते. तिला ब्राउझर म्हणतात. कोणी त्याला 'न्याहाळक' असाही शब्द केला आहे. शब्द मला आवडतो; वहिनी मात्र 'ते नेटचं' एवढ्यावर भागवतात.

आता यंत्र न झिजता जुने कसे होते, याचे मला पूर्वी मोठे कोडे वाटे. चप्पल झिजते, दाढ किडते, हे समजते. पण ह्या यंत्रातली विंडोज एक्सपी २००१ सालच्या ऑक्टोबरात जशी बाहेर पडली, तिचे एक अक्षरही पुसट झालेले नाही. मग ती म्हातारी का? मला उत्तर सुचले ते माळीवाड्याच्या स्थानकावर बसची वाट पाहताना. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. धावली ती आमच्या पुणे-नगर रस्त्यावर. त्या वेळच्या त्या रस्त्यावर आजची लांबरुंद गाडी घातली तर? वळणावर अडेल, पुलाशी अडेल. रस्त्याने कोणाचे काय वाकडे केले? तो होता तसाच आहे, गाडी वाढली. संगणकाची मूळ यंत्रणा हा रस्ता आणि ब्राउझर ही गाडी. गाडी दर महिन्या-दीड महिन्याने नवी होते, आणि एके दिवशी चालक सांगतो की ह्या रस्त्याने आता आम्ही येणार नाही.

तसे निरोप एकामागून एक येत गेले. दादा जायच्या वर्षभर आधी, ८ एप्रिल २०१४ ला, एक्सपीची नेहमीची डागडुजी थांबली. २०१६ च्या एप्रिलात क्रोमने एक्सपीची साथ सोडली. २०१८ च्या मध्यावर फायरफॉक्सनेही सोडली. आम्ही ज्या सेवेतून पत्रे वाचत होतो तिचे एक साधे, बिनझगमगाटाचे रूप होते. जुन्या ब्राउझरातही ते बिनबोभाट उघडे. २०२४ साली तेही बंद झाले. ह्या कंपन्यांचा मला राग येत नाही. ज्या रस्त्यावर दोनच उतारू उरले त्यावर रोज गाडी चालवून पाहणे कोणाला परवडेल? फक्त त्या दोन उतारूंतली एक आमची वहिनी आहे, एवढेच.

पण जगात रिकामटेकडे सज्जन पुष्कळ आहेत, हे मला ह्या छंदापायी कळले. मोठ्या कंपन्यांनी सोडलेल्या रस्त्यावर ही माणसे हौसेने गाड्या चालवतात. कोणी फायरफॉक्सच्या वंशातला 'मायपाल' एक्सपीसाठी जुळवून दिला, कोणी क्रोमच्या मूळ गाभ्यावरून 'सुपरमियम' उभा केला. त्यांची युक्ती मला कळली ती अशी. नवी सून जुन्या वाड्यात येते आणि स्वयंपाकघरात नळ कुठे आहे म्हणून विचारते. वाड्यात तर आड! मग कोणी तरी मध्ये बसतो, आडाचे पाणी शेंदतो आणि भिंतीत बसवलेल्या तोटीतून सोडतो. सुनेला वाटते नळ आहे. आडाला वाटते रोजचेच शेंदणे आहे. नवा ब्राउझर यंत्रणेकडे जी कामे मागतो त्यांतली कित्येक जुन्या एक्सपीला ठाऊकच नाहीत. ती कामे मधला माणूस जुन्या साधनांनी करून देतो. चालते सावकाश. पान उघडेपर्यंत वहिनींचे चार दाणे तांदूळ निवडून होतात. पण उघडते.

मोठ्याशी लहानाची तुलना करू नये, तरी एक गोष्ट मनात येते. आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीनशे वर्षांत नकला करकरून पाठ बिघडले, तेव्हा १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी बसून प्रत शुद्ध केली. जुने टिकते ते आपोआप टिकते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दर पिढीत कोणाला तरी मांडी घालून बसावे लागते.

हे सारे मी उन्हाळ्या-पावसाळ्यात शिकत गेलो. पहिल्याने ई-मेलमधली 'दिवाळी'सुद्धा नीट दिसत नसे. पहिली वेलांटी 'द'च्या पुढे यायची ती मागेच रेंगाळे. मग एक्सपीच्या भाषांच्या कप्प्यात एक खूण करून मूळ तबकडी घातली, आणि वेलांट्या आपापल्या जागी गेल्या. त्या दिवशी वहिनींनी मला शिरा करून घातला. पण ज्या दिवसाची गोष्ट सांगायची ती वेगळी.

२०२२ चा आषाढ. लग्नसराई संपलेली. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, नेटचं सगळंच बंद पडलंय. जिथं जावं तिथं धोक्याची पाटी." मी सावेडीहून गेलो. खरेच, एकही पान उघडेना. दोन तास मी ब्राउझर काढला, घातला, दुसरा घातला. माझी विद्या संपली. शेवटी कपाळ पुसताना पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. तारीख होती १ जानेवारी २००५.

संगणकाच्या आत रुपयाएवढा एक गोल सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालते ते त्याच्यावर. तो संपला होता, आणि घड्याळ आपल्या जन्माच्या तारखेवर जाऊन बसले होते. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाजवळ ओळखीचे एक प्रमाणपत्र असते. त्यावर 'ह्या दिवसापासून ह्या दिवसापर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्याच्या लेखी साल २००५, आणि पुढ्यात येणारी प्रमाणपत्रे २०२२ ची. अजून न उजाडलेल्या दिवसाचा कागद घेऊन आलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवील? यंत्राचे म्हणणे अगदी रास्त होते.

मी हे वहिनींना हसत हसत समजावून सांगितले. त्या हसल्या नाहीत. "किती साल म्हणालात?"

"दोन हजार पाच."

त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे यंत्र अजून घरात यायचंय. पाडव्याला आणतील."

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली. मी उगाच सेलचे वेष्टन फोडीत उभा राहिलो. ते चटकन फुटूच नये असे वाटत होते. वहिनींनी पदराने पडदा पुसला, कळफलक पुसला आणि उठल्या. "बदला तो सेल. साडेपाचला श्रीगोंद्याचं गिऱ्हाईक यायचंय."

मी सेल बदलला. तारीख लावली. एका क्षणात सतरा वर्षे गेली, आणि पाने भराभर, म्हणजे त्या यंत्राच्या मानाने भराभर, उघडू लागली.

एकदा त्यांनी विचारले, "ह्यावरून बँकेचं करता येईल का हो?" मी साफ नाही म्हणालो. ब्राउझर नवा असला तरी भिंती जुन्याच. त्यांना पडणारी भोके बुजवायला आता कोणी येत नाही. दाराला नवे कुलूप घालून चोर थांबत नाही. मला वाटले वहिनी हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे अर्धं शटर. दुपारी ठेवतो ना आपण? ओळखीचं माणूस वाकून आत येतं. बाकीच्यांना दुकान बंदच." तेव्हापासून ठरले आहे. पत्रे आणि मजकूर तेवढा इथे. पैशाचे व्यवहार फोनवर. अनोळखी पत्राला हात लावायचा नाही, आणि दर शनिवारी साऱ्या पत्रिकांची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क देवघराच्या फडताळात. माझ्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा त्यांचे अर्धे शटर मला जास्त पटले.

पुतण्या थट्टा करतो, "काका, ते रणगाड्यांच्या संग्रहालयात द्या." नगरला तसे संग्रहालय आहे. देशोदेशींचे जुने रणगाडे तिथे रंगरंगोटी करून उभे आहेत. मुले त्यांच्यापुढे फोटो काढतात. त्यांना आता कोणी लढायला सांगत नाही. आमच्या यंत्राचे तसे नाही. सकाळी अकराला त्याला रोज लढाईवर जावे लागते. २०२४ साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा वहिनींनी चार दिवस बसून सगळ्या साच्यांतले कार्यस्थळाचे पत्ते बदलले. यंत्र एक्सपीचे असेल, पत्रिका आजचीच लागते.

आणि आता मौजेची गोष्ट. २०२५ च्या दिवाळीआधी आठवडाभर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नेहमीची डागडुजी संपली. पुतण्याचा संगणक नेमका त्याच जातीचा. चांगला धडधाकट, पण अकराव्या पिढीला लागणारा एक सुरक्षेचा भाग त्यात नाही म्हणून वर चढता येईना. लक्ष्मीपूजनाला तो घरी आला. फराळ झाल्यावर माझ्याजवळ सरकून बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, वर्षभराची जादा मुदत मिळते म्हणे. पण त्यानंतर... तुम्ही आईच्या मशीनचं नक्की काय काय करता हो?"

मी उत्तर देणार तोच वहिनी चकल्यांचे ताट घेऊन आल्या. "आधी आतला सेल बघ," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा तेवढंच असतं."