गोन्सालोचा रंग

वसईतल्या एका चर्चमध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात, इथल्याच मातीतल्या संत गोन्सालो गार्सियाचं मोठं चित्र लावलं आहे. चित्राचे चौकोन पाडून ते मुलांना वाटले, रंगवून झाल्यावर पुन्हा जोडले. कपाळ एकीचं, नाक दुसऱ्याचं, हनुवटी तिसऱ्याची. पेटीतल्या ‘स्किन कलर’च्या तेलखडूवर कुणी विश्वास टाकला, कुणी सरळ चॉकलेटी उचलला, कुणी पिवळ्यावर लाल घासला. त्यामुळे संताचा एक गाल लिस्बनचा आणि दुसरा आपल्या आळीतला. बाई ओशाळून म्हणाल्या, “रंग आधी ठरवून द्यायला हवा होता.” माझा पाय मात्र तिथून निघेना.

ठरवून देणार कोण? गोन्सालोचा बाप पोर्तुगीज, आई इथलीच. अँजेलो दा फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराने मरियेला साडी नेसवली, तर गोव्यातल्या धर्माभिमान्यांना ते सोसलं नाही; त्याचं पुढचं बरंच आयुष्य पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात गेलं. एका रंगाचा आग्रह धरणारी माणसं मोठी असतात. मुलांना शेजारच्याने काय केलंय ते चौकोन जुळेपर्यंत दिसतही नाही. बाजारात संतांची छापील चित्रं मिळतात, रेघेच्या आत रंग भरायचा आणि घरी न्यायचं. मला ती बघवत नाहीत.

गोन्सालोची गोष्ट सांगतानाही आपण क्रुसापाशी पोचायची घाई करतो. मला त्याचं आधीचं आयुष्य आवडतं. जेज्विट पाद्र्यांकडे शिकलेला हा पोरगा पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, वर्षानुवर्षं त्यांच्या कामात राबला. पण तुमच्या धर्मसंघात घ्या म्हटल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. मग तो चक्क व्यापारी झाला, आणि धंदा चांगला चालला. (दुकानात हिशेब करत बसलेला संत एखाद्या मुलाने काढावा, अशी माझी फार इच्छा आहे.) पुढे तेही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू झाला. १५९३ मध्ये त्याच संघाच्या पेद्रो बाउतिस्ताबरोबर जपानला परतला, तो तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषा म्हणून.

१५९६ च्या डिसेंबरात त्याच हिदेयोशीच्या हुकमाने ख्रिस्ती धर्मबंधूंची आणि त्यांच्या साथीदारांची धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांतून धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंतची वाट तुडवायला लावली. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर गोन्सालोसह २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत तीन पोरं होती. लुईस इबाराकी १२ वर्षांचा. अँतोनियो १३ वर्षांचा. त्याचा बाप चिनी, आई जपानी, म्हणजे रंगाचा घोळ तिथेही होताच. थॉमस कोझाकी १४ वर्षांचा. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं. धाकट्या भावांकडे लक्ष दे, असं त्यात होतं. ते पत्र आईला पोचवणार कोण? त्याच्याबरोबरच मारल्या गेलेल्या बापाच्या अंगावर ते सापडलं.

थॉमसबद्दल मी वर्गात बोलत होतो तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “त्याला शाळा नव्हती का?” बाईंनी तिला गप्प केलं. मला तो प्रश्न वर्गातला सगळ्यांत शहाणा वाटला.

या सव्वीस जणांना १८६२ मध्ये संतपद मिळालं. नागासाकीत १९६२ साली शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेलं स्मारक उभं राहिलं, तेव्हा सव्वीसही जण एका रांगेत बसवले गेले. आपण वसईकर मात्र त्यांतला आपला तेवढा वेचून घेतो.

म्हणून बाईंना सांगून आलोय आणि इतर वर्गांनाही सांगतो: पुढच्या खेपेला एकट्या गोन्सालोला घेऊ नका. पोरांना सव्वीस कागद द्या, प्रत्येकावर एक नाव लिहा. आणि त्या तीन पोरांची नावं मात्र बारा-चौदा वर्षांच्याच मुलांकडे जाऊ द्या.