तार ओढून धरताना

मावळात पाऊस लागला की गिटारच्या तारा बघता बघता काळवंडतात. तळेगाव दाभाड्यात राहून हे वाद्य हाती धरणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच पावसाळ्यात कळते. दमट हवेनं लाकूड फुगतं, तारा नेकपासून वर उठतात, आणि काल अलगद लागलेला सूर आज बोटाला दाद देत नाही. मी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि रियाज झाला की एकेक तार सुती फडक्यानं पुसून काढतो. पावसाचे चार महिने हे चुकत नाही. मला ते आवडतंही. वाद्य पुसताना दिवसभर वाजवलेलं पुन्हा एकदा कानांवरून जातं.

गिटार म्हटलं की लोकांना गाणाऱ्याच्या मागे वाजणारे कॉर्ड्स आठवतात. मला गिटारवरच गायचं आहे, शब्दांवाचून. आपल्या गाण्याचा जीव मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यात असतो आणि नेकवर ठोकलेले फ्रेट सुरांना जागच्या जागी बांधून ठेवतात. बोट नुसतं सरकवलं तर मधल्या पायऱ्या ऐकू येतात. म्हणून तार आडवी ओढायची. ओढली की ताण वाढतो, सूर चढतो. चढणं त्या मानानं सोपं. मध्यमावरून गंधारावर उतरायचं असेल, तर बोट गंधाराच्या फ्रेटवर ठेवायचं, तार न छेडता मध्यमापर्यंत ओढून धरायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडत खाली यायचं. छेडेपर्यंत मध्यम बरोबर लागलाय का, हे कान सांगू शकत नाही. बोटांना तो आधीच ठाऊक असावा लागतो. अनामिकेनं ओढायचं, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या पाठीशी लावायची, जोर मनगटातून द्यायचा. वाचायला चार ओळी लागल्या. हातात बसायला वर्षं जातात. त्यासाठी मला आधी गळ्यातून गावं लागतं. तानपुऱ्याचं ॲप लावायचं, ओळ म्हणायची, श्वास कुठं घेतला ते ध्यानात ठेवायचं आणि गिटारवरही तिथंच थांबायचं. वाद्याला श्वास लागत नाही, म्हणून वादक बेसुमार वाजवत सुटतो. ऐकणाऱ्याला मात्र श्वास लागतो.

पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी फ्रेटची अडचण मुळातूनच सोडवली होती. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून स्टीलचा दांडा फिरवला आणि रागसंगीत वाजवलं. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला यांच्या बरोबरीनं ही गिटार आहे. संतूर-बासरीची आठवण लोक लगेच काढतात, गिटारच्या नावाशी मात्र अडखळतात. मला हे फार लागतं. लखनौहून मुंबईत आलेले व्हॅन शिप्ली विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतं वाजवत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स तेच काम ॲकॉर्डियनवर करत. शब्दांवाचून गाणं घराघरांत पोचतं, हे या माणसांनी तबकड्यांच्या काळातच दाखवून दिलं होतं. आणि आपल्या काळात मुंबईच्या वॉरन मेंडोन्सानं ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावानं २००७ पासून गिटारचेच अल्बम काढले, तेही स्वतंत्रपणे.

तळेगावात राहून नुसत्या वादनावर पोट भरतं का? सगळं भरत नाही. संध्याकाळी शिकवण्या असतात. रॉकस्कूल आणि ट्रिनिटीच्या परीक्षांना बसणारी मुलं, आणि चाकण किंवा तळेगाव एमआयडीसीतल्या कंपनीची शिफ्ट संपवून येणारे तरुण. यंत्रावर आठ तास राबून आलेल्या हातांनी असा एखादा तरुण पहिला स्वच्छ सूर काढतो, तेव्हा मला माझ्या कामाची किंमत कळते. सुटीच्या दिवशी लग्नाचं संगीत किंवा कंपनीचा फॅमिली डे. उरलेल्या वेळात स्वतःची रचना. घरी रेकॉर्ड करायची, वितरकामार्फत प्रसिद्ध करायची, संगीतकार म्हणून आपलं नाव नीट भरायचं, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे नोंद करायची. वादकांना मी कळकळीनं सांगतो, हा कागदाचा कंटाळा करू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या रेकॉर्डिंगला काहीच मिळत नाही. जिथं मिळतं तिथंही हिशेब पैशांत होतो, रुपयांत नव्हे.

म्हणूनच मला आमच्या गावचा पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. कुणी एका धनिकानं दिलेला नव्हे, गावोगावच्या साध्या माणसांनी उभारलेला. स्वतंत्र वादकालाही असंच थोडं थोडं देणारी पुष्कळ माणसं हवी असतात.

एका विद्यार्थ्याच्या आजी एकदा म्हणाल्या, “सर, वाजवता छान, पण गाणं कधी म्हणणार?” मी एक जुनं भावगीत वाजवलं. दुसऱ्या ओळीला त्या स्वतःच गुणगुणू लागल्या. मग मी माझी रचना वाजवली. तिला शब्दच नव्हते, तरी त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि “पुन्हा वाजवा” म्हणाल्या. श्रोता असा तयार होतो, समोर बसून.

तेव्हा वाचकहो, एक मागणं आहे. यंदा तुमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा कोजागरीला गावातल्या एखाद्या गिटारवादकाला बोलवा. जेवणाच्या वेळी मागे वाजवायला नको. अर्धा तास मंचावर, एकट्याला द्या. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात ठेवा. पत्रिकेत त्याचं नाव छापा, आणि नावापुढे गिटार असं स्पष्ट लिहा.