आईची खानेसुमारी

आंकड्यांची भीति वाटावी असें माझें वय राहिलेलें नाहीं. इतिहासाचा अध्यापक म्हणून खानेसुमारीचे तक्ते मी वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडीत आलों आहें. तरी त्यांतलें एक पान उघडलें कीं माझ्या मनाला अजून अपराध्यासारखें होतें. तें पान रत्नागिरी जिल्ह्याचें.

२०११ च्या फेब्रुवारींतली गोष्ट. मी दोन दिवसांकरितां गांवीं आईकडे गेलों होतों. सकाळींच शाळेंतले मास्तर कागदांची चळत घेऊन पडवींत आले.

“काकी, घरांत माणसं किती?”

“सात,” आई तत्काळ म्हणाली. आणि तिनें नांवें सांगावयास सुरुवात केली. ती स्वतः, मी, माझी पत्नी, मुलगी, अमेरिकेंतला धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगा. मास्तरांची लेखणी पहिल्या नांवापुढें सरकेना.

“इथं नेहमी राहणारी माणसंच लिहायची असतात,” ते अदबीनें म्हणाले.

“हा तर समोर बसलाय!”

“ते उद्या पुण्याला जाणार. त्यांचं नांव तिकडे.”

आई उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि फडताळाकडे हात करून म्हणाली, “मास्तर, सात ताटं आहेत घरांत. माणूस एकच कसा?”

मास्तर हंसले नाहींत. त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि लिहिलें : पुरुष शून्य, स्त्रिया एक.

नियम मास्तरांच्या बाजूचा होता. १९३१ पर्यंत आपल्याकडे एका ठराविक रात्रीं जो जेथें सांपडेल तेथें त्याला मोजीत. त्या हिशेबानें कदाचित् मी आईच्या पदरांत पडलों असतों. १९४१ पासून ती रीत सुटली आणि माणसाचें नेहमींचें राहण्याचें ठिकाण पाहूं लागले. हें योग्यच झालें. प्रत्येक आईनें आपल्या मायेप्रमाणें माणसें मोजलीं, तर एकच मुलगा दोन गांवीं जेवेल आणि राज्याचा हिशेब कधींच जुळणार नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं किती लोकांना धान्य द्यावयाचें हेंहि २०११ च्या गणनेवरूनच ठरलें.

आणि हा हिशेब मोठा बोलका असतो. आजच्या महाराष्ट्राच्या मुलुखांत १९११ सालीं २,१४,७४,५२३ माणसें होतीं. १९२१ सालीं तीं २,०८,४९,६६६ भरलीं. मधल्या दशकांत १९१८ चा इन्फ्लुएंझा येऊन गेला होता. त्यानंतर मात्र आंकडा मागें फिरला नाहीं. राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या गणनेंत, १९६१ सालीं, तो ३,९५,५३,७१८ होता. २०११ सालीं ११,२३,७४,३३३ झाला.

पण राज्य वाढत असतां त्यांतलीं घरें ओस पडूं शकतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्यांत दीड कोटींहून अधिक माणसांची भर पडली; रत्नागिरी जिल्हा मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला. तेथें हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया निघाल्या. पोटासाठीं मुंबईची वाट धरणाऱ्या पुरुषांच्या पिढ्याच या विषम प्रमाणामागें उभ्या आहेत. त्याच दशकांत पुणें जिल्हा ७२,३२,५५५ वरून ९४,२९,४०८ वर गेला. २००१ सालीं आम्ही दोघे भाऊ गांवच्याच घरांत मोजले गेलों होतों. म्हणजे रत्नागिरीच्या त्या तुटींत आमच्या घरचा वांटा आहे आणि पुण्याच्या वाढींत माझा. वर्गांत ज्याला मी ‘स्थलांतर’ म्हणतों, त्याचा अर्थ आईनें मला फडताळाकडे बोट दाखवून शिकविला.

२०२१ ची गणना करोनाच्या सांथीमुळें लांबली. पुढें २०२५ सालीं तिच्यासाठीं १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झाली. आई २०१७ सालीं गेली. सोळा वर्षांच्या या अंतरांत असे कितीतरी जीव एका गणनेंत दिसले आणि दुसरीची वाट न पाहतां निघून गेले.

खानेसुमारी या शब्दांतल्या ‘खाना’चा अर्थ घर. माणसें मोजण्यापूर्वीं आजही घरेंच मोजतात. आमच्या घराला कुलूप आहे; यादींत त्याच्यापुढें ‘रिकामें’ असें लिहिलें जाईल, आणि तें खरेंच असेल. गेल्या मे महिन्यांत कुलूप उघडून मी आंत गेलों, तेव्हां फडताळांतलीं ताटें काढून पुसलीं. मोजण्याची गरज नव्हती, तरी मोजलीं. सातच होतीं.