तळघराची किल्ली

बेल्जियममधल्या लूव्हन शहरात शिकत असताना एका आजोबांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. नातू जन्मला त्या वर्षी त्यांनी तळघरात ‘शिमे ब्लू’ बिअरची पेटी ठेवली होती. तो अठरा वर्षांचा झाला की दोघांनी मिळून उघडायची.

त्यासाठी वेगळा फ्रिज नव्हता. आजोबा म्हणत, फार थंडी नको, तापमान सारखं वरखाली होता कामा नये. जमिनीखाली पारा १० ते १५ अंशांच्या आसपास राहायचा. उजेडाने बिअरला वाईट वास येतो, म्हणून अंधार. बाटली उभी, म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसतो. हलकी बिअर ठेवून शिळी होते. ९ टक्के अल्कोहोलची ही गडद बिअर मात्र वर्षानुवर्षे मुरते.

एकदा त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. जाताना किल्ली माझ्याकडे देत म्हणाले, “या घरात न पिणारा तू एकटाच.”

मी गडबडलो. दारू पिणाराच नव्हे, वाहून नेणाराही गुनाहगार, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण समोर आजारी माणूस होता आणि त्याची अमानत. म्हणालो, “बाटलीला हात लावणार नाही. दार बंद ठेवीन, तापमान लिहीन.”

“तेवढंच हवंय,” ते हसले.

तीन आठवडे रोज वहीत आकडा लिहिला. ते घरी आले, तेव्हा किल्ली आणि वही दोन्ही परत केली. मी बरोबर वागलो की चूक, हे अजून कुणाला विचारलेलं नाही. अम्मीलाही नाही.